आक्काची गोळी आणि आमचे अर्धवट ज्ञान

आमची थोरली बहीण आक्का अस्तराचे ब्लाऊज शिवायची. त्या कामात वस्तीत तिचा हात धरणारे कोणी नव्हते. लग्नसराईत तर तिच्या मशीनवर कापडांचा ढीग पडलेला असे. आज तिच्या उजव्या हाताला कात्री पेलत नाही. हे कशामुळे झाले ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे, म्हणून हा लेख लिहायला बसलो आहोत. दोष कोणाचा हे आरंभीच सांगून टाकतो. दोष आमचा आहे.

आम्ही बी.कॉम. झालेलो, एका कार्यालयात लेखनिक. वस्तीतले लोक रेशनकार्डापासून मुलांच्या दाखल्यापर्यंत सल्ला विचारायला आमच्याकडे येतात. चार पुस्तके वाचलेला माणूस म्हणून घरातही आमच्या शब्दाला वजन. त्या वजनाचा भार आक्काला सोसावा लागला.

गोष्ट लहानपणापासून सांगावी लागेल. आक्का दहा वर्षांची असताना तिचा घसा धरला आणि ताप आला. ताप उतरला. पण दोन-तीन आठवड्यांनी तिचे गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटे. एक सांधा बरा झाला की दुसरा सुजायचा. डॉक्टरांनी हा संधिज्वर असल्याचे सांगितले आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यायला बजावले. वडील गिरणीत बदली कामगार होते. १९८२ च्या संपानंतर मिळेल ते काम करीत होते. सांधे बरे झाले, पोरगी पळू लागली, तेव्हा इंजेक्शनासाठी रोज कोण बुडवणार? इंजेक्शने थांबली. संधिज्वर सांध्यांतून निघून जातो, पण हृदयाच्या झडपेवर आपली खूण ठेवून जातो, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. पुढे पस्तिशीत आक्काला जिना चढवेना. रात्री आडवे झाले की दम लागे. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल नावाची झडप आवळून गेली होती. २००९ साली ती काढून तिथे धातूची झडप बसवली.

तेव्हापासून गोळी सुरू झाली. वॉरफरिन तिचे नाव. आपल्याकडे पुष्कळ जणांना तिचीच भावंड अ‍ॅसेनोकुमेरॉल दिली जाते. या गोळीने रक्त गोठायला वेळ लागतो. किती वेळ लागतो हे पाहण्यासाठी आयएनआर नावाची रक्ततपासणी असते. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा साधारण एक येतो. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर तो साधारण अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ठेवतात. कमी झाला तर गाठ होण्याची भीती, फार वाढला तर रक्तस्रावाची. म्हणून महिन्याला तपासणी, रांग, सुई आणि बुडालेला दिवस. मेहुणे गेल्यापासून आक्का आणि आमची भाची आमच्याच घरी आहेत. दहा वर्षे आक्काने हे सगळे कुरकुर न करता केले.

२०१९ च्या पावसाळ्यात आम्ही समाजमंदिरात एक व्याख्यान ऐकले. विषय औषधांचे दुष्परिणाम हा होता. वक्त्याने दोन वाक्यांत वॉरफरिनचा उल्लेख केला. ही गोळी मुळात उंदीर मारण्याचे औषध होती आणि वर्षानुवर्षे घेतली की रक्तवाहिन्यांत चुना साचतो, असे ते म्हणाले. आम्ही वहीत लिहून घेतले आणि रात्री जेवताना मोठ्या ऐटीत आक्काला वाचून दाखवले.

आक्का हसली. म्हणाली, "अरे, मग दहा वर्षं उंदराचं औषध चारताय होय मला?"

आम्हीही हसलो. तिथेच ताट बाजूला ठेवून "पण म्हणून गोळी बंद करायची नाही हं" एवढे सांगायला हवे होते. ते सांगितले नाही. आक्काने त्यानंतर गोळी घेतलीच नाही आणि कोणाला कळूही दिले नाही.

बाराव्या दिवशी सकाळी तिच्या हातातून चहाचा कप गळून पडला. भाचीने विचारले, "आई, काय झालं?" आक्काला बोलायचे होते, पण शब्द बाहेर येईनात. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. रिक्षा करून इस्पितळात नेले. झडपेच्या कडेला रक्ताची गाठ झाली होती. तिचा तुकडा सुटून मेंदूच्या डाव्या भागात गेला होता. डाव्या मेंदूच्या ताब्यात उजवे अंग आणि बहुतेकांची वाचा असते, त्यामुळे दोन्हींवर घाला पडला. आयएनआर आला १.१. डॉक्टरबाईंनी विचारले, "गोळी रोज घेतात ना?" आम्ही ठामपणे "हो" म्हणालो. भाची घरी जाऊन गोळ्यांची पट्टी घेऊन आली. महिन्याच्या हिशेबाने उरायला हव्या होत्या त्यापेक्षा बारा गोळ्या जास्त होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या आम्हाला घरातली शिल्लक तपासायचे सुचले नव्हते.

दोन दिवसांनी आक्काची प्रकृती जरा स्थिरावली, तेव्हा आम्ही डॉक्टरबाईंपुढे सगळे कबूल केले. त्या आमच्या मुलीच्या वयाच्या, रात्रपाळी करून थकलेल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "तुमच्या ताई काय काम करतात?" आम्ही म्हणालो, "अस्तराचे ब्लाऊज शिवतात." "मग समजायला सोपं आहे," म्हणून त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून कागदावर चित्र काढले. त्यांनी सांगितले ते आणि नंतर आम्ही वाचले ते, असे दोन्ही आमच्या शब्दांत मांडतो.

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून अस्तर असते. हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते. पण ते नुसते कापड नाही. रक्त वाहते राहावे म्हणून ते अहोरात्र राबत असते. ते नायट्रिक ऑक्साइड सोडते, त्यामुळे वाहिनी सैल राहते. प्रोस्टासायक्लिन नावाचे द्रव्य सोडते, त्यामुळे रक्तातल्या बारीक चकत्या एकमेकींना चिकटत नाहीत. त्याच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात. त्यांच्या मदतीने रक्तातले अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन गोठण्याची क्रिया जागच्या जागी थोपवते. आणखी एक नवल म्हणजे रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन या अस्तरावरच्या थ्रॉम्बोमॉड्युलिनला येऊन बिलगले, की त्याचे काम उलटे होते. ते प्रोटीन सी नावाच्या, गोठणे थांबवणाऱ्या प्रथिनाला जागे करते. अस्तर शाबूत असेपर्यंत रक्त वाहते. ते फाटले, जखम झाली, की खालचा थर उघडा पडतो आणि तिथे रक्त गोठते. जखम भरण्यासाठी ते गोठायलाच हवे.

धातूच्या झडपेला असे जिवंत अस्तर नसते. रक्ताला ती परकी वाटते आणि रक्त तिच्यावर गोठू पाहते. अस्तर जे काम करते ते तिथे करायला कोणी नाही, म्हणून गोळी द्यावी लागते.

ही गोळी झडपेवर किंवा अस्तरावर जाऊन बसत नाही. तिचे काम यकृतात चालते. रक्त गोठवणारी चार प्रथिने यकृतात तयार होतात आणि त्यांच्यावर शेवटचा हात फिरवायला के जीवनसत्त्व लागते. तो हात फिरला की त्या प्रथिनांना कॅल्शियम पकडता येते. कॅल्शियम पकडल्याशिवाय त्यांचे काम चालत नाही. एकदा वापरलेले के जीवनसत्त्व शरीर पुन्हा वापरण्याजोगे करून घेते. वॉरफरिन नेमकी ती क्रिया अडवते. प्रथिने तयार होतात, पण हुक-काज न लावलेल्या ब्लाऊजसारखी. दिसायला पूर्ण, उपयोगाला अपुरी.

आता व्याख्यानात ऐकलेल्या चुन्याविषयी. के जीवनसत्त्व केवळ रक्त गोठवण्यासाठी लागत नाही. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली स्नायूंचा थर असतो. त्या थरातल्या पेशी मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन नावाचे एक प्रथिन बनवतात. वाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साचू नये, यासाठी पहारा देणे हे त्याचे काम. त्यालाही के जीवनसत्त्वाचा हात लागतो. १९९७ साली शास्त्रज्ञांनी हे प्रथिन मुळीच नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या रोहिण्यांत इतके कॅल्शियम साचले की त्या फुटून ते दोन महिन्यांच्या आत मेले. वॉरफरिन दिलेल्या उंदरांच्या रोहिण्यांतही कॅल्शियम साचलेले दिसले. अनेक वर्षे ही गोळी घेणाऱ्या माणसांच्या तपासण्यांतही असे कॅल्शियम अधिक आढळले आहे. मात्र त्यांतल्या पुष्कळांना वय, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार अशी दुसरी कारणेही असतात, त्यामुळे सगळा दोष गोळीच्या खात्यावर टाकता येत नाही.

म्हणजे वक्ता खोटे बोलला नव्हता. हे कॅल्शियम मुख्यत्वे अस्तराखालच्या थरात साचते आणि भिंतीचा लवचीकपणा कमी करते. ते वर्षानुवर्षे, हळूहळू घडते. आक्काच्या झडपेवरची गाठ मात्र बारा दिवसांत झाली, कारण गोळी बंद केल्यावर चार-पाच दिवसांत रक्त पूर्वीसारखे गोठू लागते.

आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी. आम्हाला हे आमच्या भाषेत असे समजले. कारखान्यातले यंत्र चालले की त्याचा घसारा होतो. घसारा खरा असतो, तो दरसाल वहीत लिहावाच लागतो. पण घसारा होतो म्हणून कोणी चालते यंत्र बंद करून दिवाळे काढीत नाही. रक्तवाहिनीतले कॅल्शियम हा घसारा. झडपेवरची गाठ म्हणजे दिवाळे. आम्ही आक्काला घसाऱ्याचा आकडा ऐकवला आणि दिवाळ्याचा सांगायला विसरलो.

इस्पितळात आक्काला काही दिवस हिपॅरिनची इंजेक्शने दिली. ते औषध वॉरफरिनपेक्षा वेगळे. ते अँटिथ्रॉम्बिनचे बळ वाढवते, म्हणजे आपल्या अस्तरावरच्या त्या साखळ्या जे करतात तेच करते. शिवाय टोचलेले हिपॅरिन अस्तराला चिकटते आणि गोठण्याला आळा घालणारे आणखी एक प्रथिन अस्तराकडून रक्तात सोडवून घेते. वॉरफरिन पुन्हा सुरू केली, तरी हिपॅरिन लगेच थांबवले नाही. आम्ही कारण विचारले. प्रोटीन सी हेही के जीवनसत्त्वावरच अवलंबून असते आणि वॉरफरिन सुरू केल्यावर ते लवकर घटते. गोठवणारी सगळी प्रथिने घटायला मात्र काही दिवस लागतात. त्या मधल्या दिवसांत क्वचित कोणाच्या त्वचेतल्या बारीक वाहिन्या गोठून कातडी मरते. म्हणून आधी हिपॅरिनची सावली धरतात आणि आयएनआर जागेवर आला की ती काढून घेतात.

आता उंदराच्या औषधाची गोष्ट पुरी सांगतो, कारण आम्ही ती अर्धीच सांगितली होती. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेतली गुरे साध्या जखमेनेही रक्तस्राव होऊन मरू लागली. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा बुरशी येऊन सडला की तो खाऊन असे होते, हे पशुवैद्यांनी ओळखले. पुढे मंदीचे दिवस आले. चारा फेकून देणे शेतकऱ्यांना परवडत नव्हते. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली गाय आणि न गोठलेल्या रक्ताची बरणी घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आला. त्या रक्तावरून अनेक वर्षे काम करून लिंक यांच्या सहकाऱ्यांनी चाऱ्यातले द्रव्य शोधले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ साली उंदरांसाठी बाजारात आले. माणसांसाठी औषध म्हणून त्याला १९५४ साली मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही तेच देण्यात आले. गरीब शेतकऱ्याच्या मेलेल्या गाईपासून निघालेले हे औषध जगभर लाखो लोकांना जगवते आहे. मात्रा मोजली तर औषध, न मोजली तर विष.

आता नव्या गोळ्या आल्या आहेत. त्यांना दरमहा तपासणी लागत नाही. मग आक्काला त्या का नकोत, असे आम्ही विचारले होते. धातूच्या झडपेच्या रुग्णांत त्यांतली डॅबिगॅट्रान वापरून पाहिली, तेव्हा गाठीही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. तो प्रयोग २०१२ साली मध्येच थांबवावा लागला. संधिज्वराने झडप बिघडून हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या रुग्णांमध्ये रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीची जुन्या गोळीशी तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. तिथेही जुनी गोळीच सरस ठरली. आपल्या वस्त्यांत दाटीवाटीमुळे घसादुखी आणि संधिज्वर जास्त. म्हणून ही जुनी गोळी आपल्या घरांतून इतक्यात जाणार नाही, आणि तिच्याशी नीट वागायला शिकावे लागेल.

आमच्या घरी आता एक वही आहे. तारीख, गोळीची मात्रा, आयएनआर आणि शेरा असे चार रकाने. रात्री नऊला गोळी घेतली की भाची खूण करते. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचे. पालक, मेथी, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर असते. त्या भाज्या सोडायच्या नाहीत, पण आज ढीगभर आणि महिनाभर काहीच नाही, असेही करायचे नाही. दर आठवड्याला साधारण सारख्या खायच्या. अंगदुखीची गोळी दुकानातून मनाने आणायची नाही. जुलाबावर सर्रास घेतली जाणारी मेट्रोनिडाझोल या गोळीचा परिणाम वाढवते. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन तो कमी करते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे, दात काढायला गेलो तरी, वही आधी पुढे करायची. लघवीत रक्त, काळी शौच, डोक्याला मार, न थांबणारा घोळणा यांपैकी काही झाले, किंवा तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे.

घरात लेकी-सुनांपैकी कोणी ही गोळी घेत असेल, तर मूल हवे असे ठरवतानाच, दिवस जाण्यापूर्वी, डॉक्टरांना सांगावे. ही गोळी वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या हाडांच्या व नाकाच्या वाढीला अपाय करू शकते. हिपॅरिन वारेतून जात नाही. कोणते औषध केव्हा द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. मनाने काही बदलू नये.

आणि सर्वांत आधीची गोष्ट. मुलाचा घसा दुखून ताप आला आणि नंतर सांधे सुजले, तर ते अंगावर काढू नये. पेनिसिलिनची इंजेक्शने सांगितली असतील, तर मूल उड्या मारू लागले तरी ती थांबवू नयेत. १९८० च्या दशकात आमच्या घरात तीन आठवड्यांतून एक रोज वाचवला. त्याचे व्याज आक्का अजून फेडते आहे.

वस्तीत झडप बदललेली आणखी काही माणसे आहेत. तपासणीच्या दिवशी आम्ही रजा टाकून त्यांच्याबरोबर जातो. प्रत्येकाला तशीच वही करून दिली आहे. समाजमंदिरात पुन्हा व्याख्यान झाले, तेव्हा आम्ही उभे राहून आमची हकीकत सांगितली. सांगताना लाज वाटली, पण सांगितली.

आक्काची वाचा बरीच परत आली आहे. एखादा शब्द अडतो, मग ती चिडते. गोळी चुकत नाही. आम्ही एकदा तिला विचारले, "आक्का, माझ्या बोलण्यामुळंच बंद केलीस ना?" ती बराच वेळ शब्द शोधत राहिली. मग म्हणाली, "तू शिकलेला. मला वाटलं, तुला... माहीत असणार."

हल्ली भाची मशीनवर बसते. आक्का शेजारी बसून डाव्या हाताने अस्तर ताणून धरते आणि कुठे चुण्या पडतात ते बोट ठेवून दाखवते.